सवतीचा उन्हाळा

कुश्तोदिया त्या दुर्बिणीला सवत म्हणायची. नवऱ्याच्या तोंडावर म्हणायची, चर्चच्या पायऱ्यांवर चार बायकांत म्हणायची. "इनासियो कुठाय म्हणून काय विचारता? असेल सवतीकडं, वर टेकडीवर." बायका हसायच्या, तीही हसायची, पण तिचं हसू सगळ्यांच्या आधी संपायचं.

इनासियो जाऊन आता सहा वर्षं झाली होती. मूलबाळ झालंच नव्हतं. मागं उरल्या दोघीच, एक खाली गावात आणि एक वर टेकडीवर. खालचीनं रोज दोनदा वर जाऊन वरचीची विचारपूस करायची, असा मामला होता. जिला जन्मभर पाण्यात पाहिलं तिचंच करण्यात म्हातारपण चाललंय, हे कुश्तोदियाला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर ती चढताना पुटपुटायची.

एश्तेवाल गावात पुटपुटणं ऐकायलाही आता फारसं कुणी नव्हतं. शाळा बंद झाली, मग टपाल बंद झालं, मग न्हाव्यानं दुकान बंद केलं आणि तो मुलाकडं लिस्बनला गेला. पावाची गाडी एक दिवसाआड यायची, भोंगा वाजवायची आणि दोन पाव विकून निघून जायची. एके काळी पोर्तुगालच्या आलेंतेजो भागातल्या सगळ्या गावांसारखं इथंही उन्हाळ्यात सूर्य बुडाला की घराघरांतून खुर्च्या बाहेर यायच्या, रस्त्यात पाय ठेवायला जागा नसायची. आता कुश्तोदियाच्या गल्लीत तीन खुर्च्या निघायच्या. एक तिची, एक शेजारच्या झुल्मिराची आणि तिसरी झुल्मिराच्या मांजराची.

दुर्बीण गावात आणली ती जेर्मानो मास्तरांनी. मास्तर एकटा जीव. त्यांनी पितळेची, माणसापेक्षा लांब दुर्बीण कुठूनशी मिळवली आणि टेकडीवर तिच्यासाठी एक गोल खोली बांधली. वर पत्र्याचा घुमट, चाकांवर फिरणारा, त्याला उघडमीट करायची एक फळी. मास्तर वारले तेव्हा ते सगळं गावाला देऊन गेले, आणि गावानं किल्ली इनासियोच्या हातात ठेवली, कारण कुणी न बोलावता टेकडी चढणारा तेवढा एकच होता.

इनासियो बुचाच्या झाडांची साल काढायचा, बाटल्यांची बुचं होतात ती. उन्हाळाभर हातात कुऱ्हाड घेऊन झाडांवर, घामानं निथळत. झाडाला जखम न करता साल तेवढी सुटी करायची, हे काम येरागबाळ्याचं नव्हे. असा माणूस संध्याकाळी घरी यावा, पावाचं आणि लसणीचं गरम सार प्यावं आणि आडवं व्हावं. पण हा सार प्यायचा आणि टेकडी चढायचा.

दुर्बिणीचं काम रात्रीचं, पण तिची काळजी दिवसाची. तिथल्या उन्हात पत्र्याचा घुमट म्हणजे पावाची भट्टी. दिवसभर तापलेली काच मध्यरात्रीपर्यंत निवत नाही, आणि तापल्या काचेतून तारा बघितला तर तो उकळत्या पातेल्यातल्या वाटाण्यासारखा हलतो. फिरवायच्या चाकांतलं वंगण पातळ होऊन गळतं. म्हणून इनासियोनं घुमटाला आतून बुचाच्या पाट्या ठोकल्या, व्यापाऱ्यानं नाकारलेल्या, वेड्यावाकड्या, पण एकीला एक घट्ट भिडवलेल्या. पितळी नळीवर त्यानं जाड लोकरीचं घोंगडं टाकलं, मेंढपाळ उन्हात पांघरतात तसलं. सूर्य बुडताना फळी उघडायची, म्हणजे दिवसाचा उष्मा निघून जातो. पहाटे सूर्य आत डोकावायच्या आधी फळी लावायची. सावली, वारा आणि लोकर, एवढंच त्याचं शास्त्र.

आणि बाहेरून चुना. तो मात्र कुश्तोदियाचा. लग्नाच्या आधीपासून ती गावातली घरं चुन्यानं रंगवायची, बोरूच्या लांब काठीला कुंचा बांधून, डोक्याला रुमाल आणि रुमालावर टोपी घालून. दर मे महिन्यात शेवटचं घर झालं की ती घुमट रंगवायची. पहिल्याच वर्षी तिनं घुमटाखालच्या भिंतीला बुडाशी निळा पट्टाही ओढला, गावातल्या प्रत्येक घराला असतो तसा.

"निळा कशाला?" इनासियो म्हणाला. "निळा ऊन ओढतो."

"निळ्याशिवाय पांढरं घर म्हणजे विजारीशिवाय पुरुष. तुझ्या बाईला चालत असेल, माझ्या हातून व्हायचं नाही."

"ती दुर्बीण आहे गं."

"तेच म्हणते मी. तिला घोंगडं, तिला बूच, तिला वारा. मला उकडतं का, हे कधी विचारलंस?"

"तू चुना आहेस," तो शांतपणे म्हणाला. "पाणी ओतलं की आणखी तापतेस."

यावर ती तीन दिवस बोलली नाही, आणि चौथ्या दिवशी निळ्या पट्ट्याला दुसरा हात दिला.

तारे बघायला तिला त्यानं बोलावलं नाही असं नव्हे. सुरुवातीला बोलवायचा. ती दोन-चारदा गेली, शिडीवर चढून डोळा लावला. कडं असलेला शनी बघितला. "बरा आहे," म्हणाली, "टोपी घातल्यासारखा." मग गुडघे दुखायला लागले आणि तिनं जाणं सोडलं, आणि त्यानं बोलावणं सोडलं. संध्याकाळी खुर्ची रस्त्यात टाकून ती बसायची, सगळ्या बायकांचे नवरे शेजारी बसून जांभया देत असायचे, आणि हिच्या शेजारची खुर्ची रिकामी. पुढं पुढं ती दुसरी खुर्ची बाहेर काढेनाशी झाली. वर एक पांढरा ठिपका दिसायचा, तिनंच रंगवलेला. त्या ठिपक्याचा तिला जो राग यायचा तो खरा होता, बायकांना हसवायचा नव्हता.

इनासियो गेला तोही उन्हाळ्यातच. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, याला उष्मा सोसायचा नाही. कुश्तोदियानं मग तेच केलं जे तिच्या आईनं केलं असतं, आजीनं केलं असतं. खिडक्यांच्या झडपा लावून घेतल्या, ओल्या चादरी खिडक्यांवर टांगल्या, आणि दर तासाला मातीच्या मडक्यातलं पाणी ओंजळीनं विटांच्या जमिनीवर शिंपडलं. ओल्या विटांचा वास यायचा. खोली विहिरीच्या तळासारखी गार व्हायची.

"बरं वाटतंय," तो म्हणायचा. "आणखी थोडं शिंपड."

तेवीस वर्षांच्या मुलीसारखी ती धावायची तेव्हा. आख्ख्या संसारात तो इतका तिच्याजवळ कधी राहिलाच नव्हता, सकाळ-दुपार-संध्याकाळ, तिच्या पाण्याकडं डोळे लावून. त्यात सुख मानायची तिला लाज वाटायची, पण सुख होतं. ऑगस्ट संपता संपता तो गेला.

पुढं महिनाभरानं ती टेकडी चढली, ती सवतीला चार शब्द सुनवायला. दार उघडून बघते तर फळी उघडीच राहिलेली, घोंगडं खाली पडलेलं, आणि दुपारचं ऊन सरळ त्या पितळी अंगावर. हात लावला तर चटका बसला. तिनं फळी लावली, घोंगडं झटकलं आणि पांघरलं, कडेनं नीट खोचलं. मग तिथल्याच खुर्चीवर, इनासियोच्या, बसून तिनं पोटभर रडून घेतलं, कारण खाली रडली असती तर झुल्मिरा आली असती.

तेव्हापासून रोज दोन खेपा. पहाटे फळी लावायला, सूर्य बुडताना उघडायला.

झुल्मिरा दारातून ओरडायची, "निघालीस सवतीची वेणीफणी करायला?"

"तुझ्या मांजराची होते तेवढी नाही होत."

"मांजर निदान अंगाला अंग तरी घासतं. ती पितळेची बया काय देते तुला?"

काय देते हे रस्त्यात ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. पहाटे उठायला एक कारण मिळत होतं. आणि तिच्याशिवाय इनासियोला जवळून ओळखणारी दुसरी कुणी असलीच, तर ती वरचीच होती.

यंदा एप्रिलमध्ये गावची सरपंच लिओनिल्द दारात आली. वयानं पन्नाशीची, पण कुश्तोदियाच्या लेखी पोरगीच. तीही तिला तीया, म्हणजे मावशी, म्हणायची.

"तीया कुश्तोदिया, थोडं बोलायचं होतं. दुर्बिणीचं."

"सवतीचं बोल. आत ये, ऊन लागेल."

लिओनिल्द आत आली, पण बसली नाही. "शहरातलं आकाशाचं मंडळ आहे ना, त्यांची माणसं ऑगस्टात येणार आहेत. काच तपासतील. काच चांगली निघाली तर दुर्बीण इथंच राहील, शनिवारी लोकांना घेऊन येऊ म्हणतात. खराब निघाली तर घेऊन जातील. त्यांच्याकडं गार हवेची खोली आहे, यंत्राची."

"नेऊ देत की! मी आडवी येणार आहे होय? उलट मीच खाली ढकलून देते, उचलायचा त्रास नको त्यांना."

"तीया…"

"सुटेन एकदाची. गुडघे गेले माझे."

लिओनिल्द गेली. कुश्तोदियानं ऑलिव्ह निवडायला घेतली, आणि थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की चांगली आणि किडकी ती एकाच भांड्यात टाकतेय. न्यायला आले तर? पहाटे डोळे उघडल्यावर काय करायचं? आढ्याकडं बघत झुल्मिराच्या दाराचा आवाज यायची वाट बघायची? तिला भीती वाटली, इनासियोचं दुखणं कळलं त्या दिवशी वाटली होती तशी. काच चांगली निघायलाच हवी होती. त्या मे महिन्यात तिनं घुमटाला चुन्याचे तीन हात दिले, आणि शिडीवर चढू नकोस म्हणणाऱ्या झुल्मिराला शिडी धरायला लावली.

जूनच्या मध्यावर उन्हानं डोकं वर काढलं ते पुन्हा खाली घातलंच नाही. टीव्हीवर नकाशा लालचा जांभळा झाला. म्हाताऱ्यांनी घराबाहेर पडू नये, असं एक तरुण मुलगी रोज हसत हसत सांगायची. रानातल्या मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहायच्या. रात्रीही वारा सुटेना. सूर्य बुडताना फळी उघडली तरी आतला उष्मा निघेना, कारण बाहेर जे होतं तेही आतल्यासारखंच होतं.

एका दुपारी, जायची वेळ नसताना, कुश्तोदिया वर गेली. घरात जीवच लागेना. आत इनासियोनं टांगलेलं तापमानाचं यंत्र होतं, ते चाळीसच्या पुढं गेलेलं. आणि दुर्बिणीच्या सांध्यातून वंगण गळत होतं. थेंब, मग थेंब, खाली विटांवर डाग. तिनं घोंगड्याखाली हात घातला. पितळ अंगात ताप असल्यासारखं गरम होतं.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्यात टोमणा नव्हता.

उतरताना तिची नजर चर्चच्या मनोऱ्यावर गेली. तिथं करकोच्यांचं घरटं असतं दर वर्षी. मादी पिलांवर पंख पसरून उभी होती, आणि नर ओढ्याकडून आला आणि चोचीतलं पाणी त्यानं पिलांच्या अंगावर सोडलं. पिलं तोंड वर करून ते अंगावर घेत होती. पाखराला कळतं, मला कळू नये? कुश्तोदियाला स्वतःचाच राग आला.

इनासियो म्हणायचा, वर पाणी नको. हे तिला आठवत होतं. का नको, ते त्यानं सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा ती रुसलेली असेल. पण तो म्हणाला तेव्हा असे उन्हाळे नव्हते. आणि शेवटी त्याला स्वतःला काय हवंसं वाटलं? पाणीच ना? सावली, वारा, लोकर हे सगळं धडधाकट असतानाचं. दुखणं आल्यावर त्यानंच म्हटलं होतं, आणखी थोडं शिंपड.

त्याच संध्याकाळी तिनं पाण्याचा डबा वर नेला.

विटा चर्र वाजल्या. ओल्या विटांचा आणि चुन्याचा तो वास आला आणि तिला एकदम इनासियोच्या उशाशी उभं असल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं चादरी नेल्या, ओल्या करून बुचाच्या पाट्यांवर टांगल्या. तिसऱ्या दिवशी घोंगड्यावरही हलक्या हातानं शिंपडलं. यंत्रातला पारा खाली आला. वंगण गळायचं थांबलं. आणि इतक्या कष्टानं कमावलेला गारवा बाहेरच्या भट्टीत सोडून द्यायला तिचं मन होईना. म्हणून ती संध्याकाळी फळी जेमतेम बोटभर उघडायची आणि लगेच लावून घ्यायची. घरात आपण तेच करतो, गारवा कोंडून ठेवतो. त्या मुलखात एकही बाई अशी नाही जिला हे शिकवावं लागतं.

"पाणी कुठं चाललं?" झुल्मिरानं विचारलं.

"वर."

"सवतीला अंघोळ? बघ हो, न्हाऊन-माखून जास्तच देखणी व्हायची."

"होऊ दे. ऑगस्टात बघायला येणार आहेत तिला."

"आणि तुला कोण बघायला येणार?"

हे झुल्मिरा गंमतीत बोलली होती, पण बोलून झाल्यावर तिलाच ते लागलं. मग झुल्मिरानं खरबुजाची फोड पुढं केली आणि कुश्तोदियानं डबा खाली ठेवून ती उभ्या उभ्या खाल्ली.

जून गेला, जुलै गेला. रोज टेकडी, रोज डबा. तिचा खांदा भरून यायचा, पण मन कित्येक वर्षांत नव्हतं इतकं थाऱ्यावर होतं. ती आत बसायची, गारव्यात, आणि सवतीशी बोलायची. इनासियोला पावाच्या सारात कोथिंबीर किती लागायची. तो घोरायचा कसा. "तुझ्याकडं घोरला नसेल कधी," ती म्हणायची. "तुझ्याकडं जागाच असायचा तो. घोरायला तेवढा माझ्याकडं यायचा." आणि हसायची. बुचाच्या भिंतींना आवाज परत द्यायची सवय नसते, हसू तिथल्या तिथं मुरून जायचं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी गाडी आली. लिओनिल्द पुढं, तिच्यामागं मंडळाचा एक आडदांड माणूस आणि लुद्जेरो नावाचा एक म्हातारा, सावकाश बोलणारा, काचा घासण्यात आयुष्य गेलेला. कुश्तोदियानं रविवारचा काळा झगा घातला होता. दार तिनंच उघडलं.

"वा," लुद्जेरो आत येत म्हणाला, "काय गार आहे इथं!"

कुश्तोदियाचा चेहरा उजळला. लिओनिल्दनं तिचा हात दाबला.

पण तो म्हातारा दोन पावलं चालून थांबला. त्यानं नाक वर करून वास घेतला, खाली वाकून विटेवर तळवा टेकला. मग घोंगडं काढलं, नळीच्या तोंडावरचं झाकण काढलं आणि बाजूनं विजेरीचा उजेड टाकून बराच वेळ आत बघत राहिला.

"पाऊस झाला होता का इकडं?" त्यानं शेवटी विचारलं.

मार्चपासून थेंब नव्हता, हे तिथल्या कुत्र्यालाही माहीत होतं. लिओनिल्द घाईघाईनं म्हणाली, "घुमट जुना आहे, कुठून तरी गळत असेल, जमिनीतून ओल येत असेल…"

"टेकडीच्या माथ्यावर?"

"मी शिंपडते," कुश्तोदिया म्हणाली. "रोज. तापली होती ती."

लुद्जेरो विजेरी तशीच धरून बाजूला सरकला.

"या इकडं, दोना कुश्तोदिया," लुद्जेरो अदबीनं म्हणाला. त्याचा आवाज रागावलेला नव्हता. "इथून बघा."

तिनं वाकून बघितलं. उजेडात काचेच्या आत पांढरे तंतू दिसत होते, बारीक, फांद्या फुटलेले, हिवाळ्यात खिडकीवर गोठलेलं दहिवर साचतं तसे.

"पुढं दोन काचा असतात, मध्ये केसाएवढी फट. ओल एकदा आत गेली की तिला बाहेर पडायला वाट नाही. अंधार, ऊब आणि ओल. बुरशीला आणखी काय हवं?"

"पुसता येईल?"

"उघडून पुसता येईल. पण तिनं काच खायला सुरुवात केली आहे. थोडी." त्यानं लावलेल्या फळीकडं बघितलं. "वारा का बंद केलात? वारा राहिला असता तर कदाचित…"

"गारवा जाईल म्हणून."

त्यानं मान हलवली. त्याच्याही आईचं घर याच मुलखात असावं, कारण तिला काय म्हणायचंय ते त्याला लगेच कळलं. "आजाऱ्याच्या खोलीसारखी ठेवलीत तुम्ही हिला," तो म्हणाला.

कुश्तोदियानं भिंतीला हात टेकला. ओलसर चादरीला तिचा हात लागला, आणि तिनं तो काढून घेतला. पाणी नको, म्हणाला होता तो. एवढी एकच गोष्ट त्यानं तिला सांगितली होती, आणि तीच तिनं केली, तीही त्याच्याच आठवणीनं, जीव ओतून. रागानं ढकलून दिली असती तर निदान रागाचं समाधान तरी मिळालं असतं.

"दुरुस्त करून परत आणाल?" तिनं विचारलं.

लुद्जेरोनं लिओनिल्दकडं बघितलं. लिओनिल्दनं दाराबाहेर, खाली गावाकडं बघितलं. "तीया कुश्तोदिया," ती म्हणाली, "इथं आता बघायलाही कोण आहे?"

त्यांनी खिळे-स्क्रू सोडवले. आडदांड माणसानं एक टोक धरलं, लुद्जेरोनं दुसरं. कुश्तोदियाला वाटलं होतं चार माणसं लागतील. दोघांनी ती सहज उचलली. इनासियोही शेवटी असाच हलका झाला होता, तिच्या एकटीच्या हातांना पेलेल इतका.

"गाडीत एकदम गार हवा सोडू नका," ती मागून म्हणाली. "उन्हातून नेताना तापेल ती. तडकेल. आधी थोडी सावलीत…"

"नाही सोडणार. खिडक्या उघड्या ठेवून जाऊ, सावकाश," लुद्जेरो म्हणाला. "तिथं गेल्यावरही एक दिवस नुसती ठेवू, मग खोलीत नेऊ."

त्याला सगळं माहीत होतं. त्याला एक जरी गोष्ट माहीत नसती तरी तिला बरं वाटलं असतं, सांगायला काहीतरी राहिलं असतं. ती घोंगड्याची घडी करून पुढं झाली.

"हे राहू द्या तुमच्याकडं," तो म्हणाला. "ओलं आहे. आणि तिथं लागणार नाही तिला."

गाडी धूळ उडवत उतरली. लिओनिल्द तिला हाताला धरून घरापर्यंत घेऊन आली, काहीबाही बोलत राहिली, आणि गेली. झुल्मिरा दारात उभी होती. नुसती म्हणाली, "गार सार केलंय, टोमॅटोचं. खायला ये." कुश्तोदिया गेली, जेवली, पावाचा तुकडा मांजराला टाकला. सवतीचं नाव दोघींपैकी कुणी काढलं नाही.

सूर्य खाली यायला लागला तशी ती उठली. पाय सवयीचे गुलाम. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिच्या लक्षातही आलं नाही की जायचं कारण उरलेलं नाही. लक्षात आलं तेव्हा ती क्षणभर थांबली. किल्ली झग्याच्या खिशातच होती, ती मागायची कुणाला आठवण राहिली नव्हती. ती परत फिरली, घरातून पाण्याचा डबा भरून घेतला आणि वर चढली.

"कुश्तोदिया!" झुल्मिरानं हाक मारली. "आता कुणासाठी?"

तिनं वळून बघितलं नाही.

आत मधोमध नुसता खांब उभा होता, वर चार भोकं. तिनं फळी उघडली, पूर्ण, हात दुखेपर्यंत. इनासियो सांगायचा तशी. कोंडलेला उष्मा तिच्या तोंडावरून बाहेर गेला. चादरी काढून तिनं दारात टाकल्या. मग डबा उचलला आणि पाणी शिंपडायला लागली, एका कडेपासून, सावकाश, खांबाच्या बुडाशी, खुर्चीच्या पायांशी, सगळीकडं, डबा रिकामा होईपर्यंत. विटा चर्र वाजल्या. तोच वास आला.

तिनं चपला काढल्या, इनासियोच्या खुर्चीवर बसली आणि उघडे पाय ओल्या विटांवर ठेवले. बरं वाटत होतं. तेच वाईट होतं. फळीच्या फटीतून आभाळ दिसत होतं, अजून उजेडाचं, त्यात एकही तारा नव्हता.

"हवं तेवढं शिंपडते आता," ती मोठ्यानं म्हणाली. "आता कुणाला काही होत नाही."